दाराच्या अलीकडे

भोईवाड्यातल्या बालवाडीत अनुजाला लागून वर्ष होत आलं होतं, आणि तिला कायम करायचं की नाही ते त्या शुक्रवारी ठरायचं होतं. बालवाडी एका महिला मंडळाची. चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या एक करून वर्ग केलेला, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या कोपऱ्यात दार बसवलेली जुनी मोरी. मुलांचे छोटे संडास गॅलरीच्या टोकाला होते आणि त्यांच्या दारांना आतून कडी नव्हती. मोरी फक्त बाई लोकांच्या वापरातली, म्हणून तिची कडी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मुख्य बाई मीनाक्षीताईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या मी तुझा वर्ग बघायला बसणार आहे, तू रोज घेतेस तसाच घे. असं कुणी म्हटलं की माणसाला रोजच्यासारखं काही करताच येत नाही. अनुजाने माहीमला घरी बसून पुठ्ठ्याचे मासे कापले, रंगवले, आईची जुनी निळी साडी समुद्र म्हणून घेतली आणि जाळ्याचं एक गाणंही रचलं. शुक्रवारी सकाळी मुलं त्या साडीभोवती गोल बसली, मीनाक्षीताई भिंतीपाशी खुर्ची टाकून बसल्या, आणि खेळ असा रंगला की अनुजा स्वतःवरच खूश झाली. एकेक मूल गाण्याच्या तालावर उठत होतं, सांगितलेल्या रंगाचा मासा उचलत होतं. मीनाक्षीताईंच्या चेहऱ्यावर हसू होतं. अनुजाचा एक डोळा सारखा त्या हसण्याकडे जात होता.

वर्गात वरद नावाचा मुलगा होता. चार वर्षांचाही नव्हता. आईची नोकरी लालबागला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, वडील जहाजावर, म्हणून तो कुडाळकडच्या गावी आजीपाशी वाढला आणि आजी आजारी पडल्यावर जूनमध्ये मुंबईला आला. त्याला मालवणीच येत होती. पहिल्या आठवड्यात तो सगळ्यांसमोर उठून म्हणाला होता, "माका मुताक जावचा हा." मुलांना ते शब्द इतके मजेशीर वाटले की दिवसभर तीच नक्कल चालली. त्या दिवसानंतर वरदने काही मागणं सोडून दिलं. पाणी नाही, संडास नाही, सांडलेला खाऊही नाही. अनुजाने त्याच्याकडे बघून बघून त्याची खूण शिकून घेतली होती. त्याला जायचं असलं की तो शर्टाची कॉलर दातांत धरायचा आणि एका पायाने दुसरा पाय घासायचा. ती खूण दिसली की ती मदतनीस राधामावशींना नुसतं डोळ्यांनी सांगायची आणि मावशी त्याचा हात धरून घेऊन जायच्या. इतक्या महिन्यांत त्याची चड्डी एकदाही ओली झाली नव्हती. या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता, पण ते ती कुणाला सांगत नव्हती.

त्या शुक्रवारीही तिला ती खूण दिसली. कॉलर दातांत, पाय पायावर. राधामावशी चुरमुरे आणायला खाली गेल्या होत्या. तिला स्वतःला उठावं लागलं असतं, गाणं अर्ध्यावर तुटलं असतं. एवढं कडवं होऊ दे, असं ती मनात म्हणाली. कडवं झालं, मीनाक्षीताईंनी मान डोलावली, आणि अनुजाने पुढचं कडवं सुरू केलं.

खेळ संपून मुलं डबे काढायला उठली तेव्हा तिने सवयीने डोकी मोजली. एक कमी होतं. पुन्हा मोजली. वरदच्या जागेवर फरशी ओली होती आणि त्यावर पुठ्ठ्याचा मासा पालथा टाकलेला होता, डाग झाकावा तसा.

लक्ष्मी नावाची मुलगी डबा उघडता उघडता म्हणाली, वरद तिकडे गेला, आणि तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं. अनुजा गेली. स्वयंपाकघर रिकामं होतं. मोरीचं दार लागलेलं होतं. तिने हळूच ढकललं. आतून कडी होती.

आतून आवाज येत होता. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासल्याचा. मग पाणी सांडल्याचा. मोरीत काय आहे ते अनुजाला माहीत होतं. पाणी फक्त पहाटे यायचं. नंतर नळ कोरडा. म्हणून नळाशेजारी एक मोठं निळं पिंप भरून ठेवलेलं असायचं, तिच्या कमरेच्या वर येणारं. सकाळी वापरून ते अर्ध्यावर आलं असणार. आणि झाकण तर इथे, बाहेर, ओट्यावर वाळत पडलं होतं.

ती जमिनीवर पालथी झाली आणि दाराखालच्या फटीला गाल लावला. तिला उलटी घातलेली बादली दिसली आणि तिच्यावर दोन उघड्या टाचा. पायांशी भिजलेली निळी चड्डी पडली होती. तो चड्डी धुवायला पाणी काढत होता. पाणी पिंपात खाली गेलं होतं, म्हणून हातभर वाकावं लागत होतं. ती बघत होती तेवढ्यात टाचा उचलल्या गेल्या. नुसते चवडे राहिले. मग चवडेही डगमगले.

तिला ओरडावंसं वाटलं. पण दचकलेलं मूल ज्या बाजूला वाकलेलं असतं त्याच बाजूला पडतं, हे तिला कळत होतं. तिने ओठ मिटून घेतले आणि श्वास खाली बसू दिला. मग अंगाई म्हणताना असतो तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "वरद, मला तुझे पाय दिसतायत."

टाचा बादलीवर टेकल्या. मग आत काही हालचाल नाही.

एवढ्यात राधामावशी चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आल्या आणि बाईंना जमिनीवर आडवं पडलेलं बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. अनुजाने तोंडावर बोट ठेवलं, खुणेने पिंप दाखवलं, दार दाखवलं. मावशींच्या हातातली पिशवी ओट्यावर गेली आणि त्या दाराला खांदा लावायला पुढे आल्या. अनुजाने त्यांचा घोटा धरला. दार आत उघडणारं होतं. मोरी इतकी लहान की जोर लावून उघडलं तर दार थेट बादलीवर आदळलं असतं. तिने मावशींना खाली बसवून कानात सांगितलं, मीनाक्षीताईंना म्हणावं मुलांना गॅलरीत घेऊन जा, तिथेच डबे खाऊ दे, इकडे कुणी यायचं नाही. आणि खालून दौलतला बोलवा, पण त्याला म्हणावं जिन्यावर पाय वाजवू नको. दौलत सुतार. चाळीच्या खालीच त्याचं दुकान.

मीनाक्षीताई दारात आल्या, एका नजरेत सगळं बघितलं आणि परत फिरल्या. थोड्याच वेळात गॅलरीतून त्यांचा गोष्ट सांगण्याचा आवाज यायला लागला, रोजच्यापेक्षा थोडा मोठा. मुलांना काही कळलं नाही. वीस मुलं त्यांनी एकटीने धरून ठेवली होती, आणि अनुजाला त्या क्षणी त्याची किंमत कळायला वेळ नव्हता.

तिने फटीतून बोटं आत घातली. चार बोटं, पेरापर्यंतच जात होती.

"इथे खाली काहीतरी आलंय," ती म्हणाली. "बघ बरं काय आहे ते."

तिने बोटं हलवली. एक वर, एक खाली. दार उघड असं ती म्हणाली नाही. बाहेर ये असंही म्हणाली नाही. भ्यालेल्या मुलाला एकच गोष्ट मागायची, आणि ती अशी मागायची की त्यालाच ती करावीशी वाटेल. फटीतून तिला बादली दिसत होती. एक पाय खाली आला. फरशी चाचपली. मग दुसरा. बादली कलंडली आणि आवाज झाला, पण पाय तोवर जमिनीवर होते. मग लहान, गार, ओली बोटं तिच्या बोटांना लागली.

अनुजाने डोळे मिटले. तिच्या कपाळावरचा घाम फरशीवर टपकला.

आता वरद दाराला टेकून बसला होता. त्याच्या अंगाची थरथर दाराच्या फळीतून तिला कळत होती. तो पिंपापासून लांब होता, दाराजवळ होता, आता फक्त कडी राहिली, असं तिला वाटलं. आणि नेमके त्याच वेळी कुशाबा आले.

कुशाबा म्हणजे वरदचे आजोबा. गिरणीत जन्म गेलेला माणूस. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय झालेली, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटायचं. नातवाला न्यायला ते वेळेच्या खूप आधी यायचे आणि समोर चहाच्या टपरीवर बसायचे. दौलतला घाईने वर जाताना बघून ते मागोमाग आले. दौलतच्या हातातली पहार बघितली, मोरीचं बंद दार बघितलं, आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी दारावर तळहाताने थाप मारली.

"वरद्या, दार उघड. उघड म्हणतंय ना."

फटीतली बोटं सरकन निघून गेली. पायांचा आवाज आला. बादली पुन्हा फरशीवर घासली गेली.

अनुजा उठली आणि कुशाबांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. आयुष्यात तिने वडीलधाऱ्या माणसाच्या अंगाला हात लावून त्याला मागे सारलं नव्हतं. तिने त्यांचं मनगट धरलं.

"आजोबा, आत पाण्याचं उघडं पिंप आहे. तो त्याच्यापाशी चढतोय. आवाज केलात तर तो आत पडेल."

कुशाबांचा चेहरा पांढरा पडला. ते भिंतीला धरून खाली बसले. दौलतने हलक्या आवाजात विचारलं, बाई, एक दणका दिला तर कडी निखळेल, देऊ का? प्रश्न वेडगळ नव्हता. तिनेही तोच विचार केला होता. ती म्हणाली, आतून पाण्यात पडल्याचा आवाज आला तर किंवा मी हात वर केला तर फोड, कुणाला विचारू नकोस. तोवर थांब. दौलत पहार पायाशी टेकवून थांबला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

ती पुन्हा जमिनीवर आडवी झाली. टाचा बादलीवर होत्या. या वेळी बोटं हलवून उपयोग झाला नाही. ती बोलत राहिली. मला माहीत आहे तू काय करतोयस. तू चड्डी धुतोयस. चड्डी ओली झाली तर धुवावीच लागते. मी लहान असताना माझीही व्हायची. मग, खूप वेळाने, इतक्या बारीक आवाजात की तिला आधी भास वाटला, वरद बोलला.

"आजो वरडतलो."

कुशाबांनी ते ऐकलं. अनुजाने मान वळवून बघितलं तर म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता. तिने त्यांना बोलावलं. तेही गुडघे टेकून खाली वाकले, दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"मी वरडूचंय नाय रे बाबा," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली जाऊ शकतो हे अनुजाला माहीत नव्हतं. बहुतेक त्यांनाही नसावं.

मग वरद म्हणाला, "आजो, तू भायर जा."

कुशाबा तसेच वाकलेले राहिले. अनुजाला वाटलं आता ते रागावतील किंवा रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले, दौलतच्या बाजूने वाट काढली आणि गॅलरीत निघून गेले. जाताना त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या.

"आजोबा बाहेर गेले," अनुजा म्हणाली. "इथे मी आहे आणि दौलतकाका आहेत. दौलतकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहतील. तुझ्यासाठी कोरडी चड्डी आहे. दार उघडलं की मी एकटीच आत येणार, आणि आत आले की दार पुन्हा लावून घेणार. कुणाला काही दिसणार नाही."

दौलतने खरंच भिंतीकडे तोंड केलं. राधामावशींनी कपाटातून चड्डी आणि टॉवेल आणून अनुजाच्या हातात दिला. आणि टाचा बादलीवरून खाली आल्या.

आता कडी. ती कडी अनुजाच्याही हाताने कधी पहिल्या झटक्यात सुटायची नाही. दार घट्ट दाबून धरलं तरच सरकायची. शिवाय आधी तिचा दांडा वर उचलावा लागायचा, मग बाजूला ओढावा लागायचा. दोन कामं, आणि तीही एकामागोमाग एक. पावणेचार वर्षांच्या मुलाला डावं-उजवं कळत नाही, आणि घाबरलेल्या मुलाला एका वेळी दोन गोष्टी सांगितल्या की तो एकही करत नाही. अनुजाने दाराचं बाहेरचं कडं दोन्ही हातांनी धरून दार आपल्याकडे ओढून ठेवलं, म्हणजे कडी मोकळी राहील. मग फळीला तोंड लावून तिने सांगायला सुरुवात केली.

"दारावर एक लांब लोखंड आहे. सापडलं? त्याला एक शेपटी आहे. शेपटी खाली लोंबतेय. ती वर कर. नुसती वर. ओढायची नाही."

लोखंडावर लोखंड वाजलं. शेपटी वर गेली आणि पडली. पुन्हा गेली, पुन्हा पडली. मग तो रडायला लागला. हुंदक्यांमधून तो नाय, नाय म्हणत होता. दौलत चुळबुळला. अनुजाचे खांदे भरून आले होते, दार ओढून धरायला जोर लागत होता. तिला आत जाऊन त्याला उचलून घ्यावंसं वाटत होतं, इतकं, की तिने पहारीकडे बघितलंही.

पण तो रडत होता म्हणजे दारापाशी होता. तिने त्याला रडू दिलं. रडणं थोडं उतरल्यावर ती म्हणाली, शेपटी वर जाते हे तुला जमलंय, मी आवाज ऐकला. आता ती वर धरून ठेव. एका हाताने धर. धरलीस? मग तिला नळाकडे ने. नळ कुठे आहे? हं, तिकडे.

कडी अर्धी सरकली आणि अडकली. अनुजाने दार आणखी ओढलं. तिच्या तळहाताची कातडी कड्याने सोलली गेली होती, ते तिला नंतर दिसलं.

"नळाकडे," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."

आत एक मोठा श्वास ऐकू आला, आणि मग कडी सुटल्याचा खट आवाज.

तिने दार ढकललं नाही. आधी त्याला मागच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायला सांगितलं, पाय लांब गेल्याचं ऐकलं, आणि मग अंग चोरून आत शिरून दार लावून घेतलं. वरद कोपऱ्यात उभा होता. शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या, केसांच्या पुढच्या बटाही भिजलेल्या. म्हणजे एकदा तरी त्याचं डोकं पाण्याला लागलं होतं. अनुजाने ते बघितलं. त्याचं अंग पुसलं, शर्ट काढला, टॉवेलात गुंडाळलं, कोरडी चड्डी चढवली. ओली चड्डी त्याने स्वतः पिळून तिच्या हातात दिली. मग तिने त्याला उचललं.

त्याला गॅलरीत कुशाबांकडे दिल्यावर ती स्वयंपाकघरात परत आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. राधामावशींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. दौलत कुणी न सांगता पेचकस घेऊन मोरीच्या दाराची कडी काढायला बसला.

मीनाक्षीताई आत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी वरदच्या आईला, नम्रताला, फोन केला होता. ती लॅबमधून निघाली होती. तू सगळं फार चांगलं निभावलंस, असं त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं की आईशी बोलताना जपून बोल. मुलगा आत गेला, कडी लागली, आपण त्याला सुखरूप काढलं, एवढं पुरे. मंडळाच्या दृष्टीनेही ते बरं.

अनुजाने मान हलवली. तिला नोकरी हवी होती. एवढं झाल्यावर कायम व्हायची शक्यता होती, आणि तेही कौतुकासकट.

नम्रता आली ती पांढरा कोट न काढताच. तिने वरदला पोटाशी धरलं, त्याच्या केसांना हात लावला आणि हात तसाच ठेवून अनुजाकडे बघितलं. केस अजून ओले होते. तिने विचारलं, हा मोरीत गेला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मीनाक्षीताईंनी बोलायला सुरुवात केली. पण नम्रता त्यांच्याकडे बघत नव्हती.

"मी वर्गातच होते," अनुजा म्हणाली. "त्याला जायचं होतं हे मला दिसलं होतं. त्याची एक खूण आहे, मी ती ओळखते. पण माझा खेळ चालला होता, ताई बघत होत्या, म्हणून मी थांबले नाही. तो उठून गेला तेही मला कळलं नाही. आत त्याचं डोकं पाण्याला लागलं असावं. हे सगळं माझ्यामुळे झालं."

स्वयंपाकघरात पेचकसाचा आवाज थांबला. नम्रताचे ओठ पातळ झाले. ती ओरडली नाही. तिने वरदची बॅग, डबा, पाण्याची बाटली गोळा केली. जाताना एवढंच म्हणाली की मी दिवसभर लोकांचं रक्त काढते, एक नळी चुकली तर कुणाचा तरी रिपोर्ट चुकतो, म्हणून मी एका वेळी एकाच माणसाकडे बघते. तुमच्याकडे वीस आहेत हे मला कळतं. पण माझा एकच आहे.

सोमवारी वरद आला नाही. मंगळवारीही नाही. मीनाक्षीताईंनी अनुजाला बोलावून सांगितलं की कायम करण्याचं मंडळाने पुढे ढकललंय, दिवाळीनंतर बघू. त्या चिडल्या होत्या, पण नुसत्या तिच्यावर नव्हे. शेवटी त्या म्हणाल्या, मीही त्याच खोलीत होते, मी तुझं गाणं ऐकत बसले, मलाही तो दिसला नाही.

संध्याकाळी अनुजा लालबागला नम्रताच्या घरी गेली. कुशाबांनी दार उघडलं. वरद पलंगाखाली गाड्या लावत होता; तिला बघून तो आणखी आत सरकला. तिने त्याला हाक मारली नाही. नम्रताने चहा ठेवला, कारण घरी आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो, आणि सांगितलं की दुसरीकडे चौकशी केलीय. मग चहा गाळता गाळता तिने विचारलं, "पुन्हा असं होणार नाही, असं तुम्ही सांगू शकता?"

"कडी काढलीय. पिंप आता गच्चीवर असतं," अनुजा म्हणाली. "पण मी कधीच चुकणार नाही असं नाही सांगू शकत."

नम्रताने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी शंभर टक्के हमी दिलीय, असं ती म्हणाली. आणि ते बोलताना तिच्या आवाजात जो संशय होता तो अनुजाबद्दलचा नव्हता.

वरद त्याच आठवड्यात परत आला, पण नम्रताची अट होती. शाळा सुटेपर्यंत कुशाबा गॅलरीत बसणार. ते स्टूल टाकून बसू लागले. पहिल्या दिवशी ते वर्गाच्या खिडकीच्या जाळीतून नातवाकडे एकटक बघत होते, आणि वरद पाठ फिरवून बसला होता. अनुजाने त्यांना एकच सांगितलं, त्याला हाक मारायची नाही, तो आला तरच बोलायचं. त्या माणसाने ते पाळलं. त्यांना गप्प बसणं किती जड जात होतं हे त्यांच्या हलणाऱ्या गुडघ्यांवरून दिसायचं. वरद नाही, पण बाकीची मुलं त्यांच्याकडे जायला लागली. डबा उघडून द्या, नाडी बांधा, हे बघा माझं चित्र. कुशाबा त्यांच्याशी मालवणीतच बोलायचे, दुसरी भाषा त्यांना कधी नीट आलीच नव्हती. आठवड्याभरात लक्ष्मी पाणी मागताना "माका पाणी व्हया" म्हणायला लागली आणि मग ती साथ वर्गभर पसरली. वरद ते ऐकून प्रथम चमकला. मग त्याने तिला तिचं एक चुकीचं वाक्य सुधारून दिलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. एकदा तोही स्टुलापाशी गेला आणि आजोबांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. कुशाबांनी हात वर केला, आणि तो त्याच्या डोक्यावर ठेवण्याआधी क्षणभर हवेतच थांबवला.

पण मूल घरच्या माणसाच्या नजरेखाली सारखं राहिलं की ते शाळेत आलेलंच नसतं, हे अनुजाला दिसत होतं. वरद भांडायचा तेव्हाही एक डोळा जाळीकडे. पडला तरी रडण्याआधी जाळीकडे. शेवटी तिने कुशाबांना सांगितलं की उद्यापासून तुम्ही थांबू नका. ते दुखावले. सुनेने सांगितलंय, तिलाच विचारा, म्हणाले.

तिने नम्रताला फोन केला. पलीकडे लॅबमधले आवाज येत होते. नम्रता म्हणाली, तुम्हाला खात्री आहे?

"माझ्याबद्दल नाही," अनुजा म्हणाली. "पण तो तयार आहे."

मग नम्रता बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुशाबांनी वरदला जिन्याच्या पहिल्या पायरीशी सोडलं. अनुजा वर गॅलरीत उभी होती. चाळीच्या पायऱ्या उंच, मोठ्या माणसांच्या मापाच्या. वरद कठडा धरून चढायला लागला, दोन्ही पाय एकेका पायरीवर ठेवत, मध्येच थांबून खाली बघत. कुशाबा खाली, हात पाठीमागे बांधून. अर्ध्या जिन्यावर त्याचा पाय घसरला आणि गुडघा टेकला. खालून एक पाऊल वाजलं आणि तिथेच थांबलं. अनुजाचाही पाय पुढे गेला होता. तिने तो मागे घेतला. वरदने गुडघा झटकला, वर बघितलं, ती तिथे आहे ना ते बघितलं, आणि पुढची पायरी चढला.